विहिरीपासून समुद्रापर्यंत

वेळापूर हे गाव उभ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे ते ज्ञानोबांच्या पालखीच्या मुक्कामामुळे आणि अर्धनारीनटेश्वराच्या पुरातन मंदिरामुळे. समुद्र येथून फार दूर, घाटापलीकडे, दिवसभराच्या वाटेवर. येथील पाणी म्हणजे विहिरीचे आणि कालव्याचे. अशा गावातील आमच्या धर्मग्रामाचे चौघे तरुण, तीन मुलगे आणि एक मुलगी, गेल्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी आमच्याकडे आले आणि म्हणाले, "फादर, आम्हांला पॅसिफिक महासागरात बुडी मारायला जायचे आहे. सणाचे जेवण तुम्ही थोडक्या पैशांत बसवता, तसा हा हिशेबही बसवून द्या."

आम्ही चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिले. थट्टा नव्हती. चौघेही कमावते झालेले. वर्षभर शिल्लक टाकत होते. त्यांनी पालाऊ या चिमुकल्या देशाचे चित्र पुढे ठेवले. पॅसिफिकच्या पश्चिम भागातील शेकडो बेटांचा हा देश. २००९ साली त्याने आपले सारे सागरी क्षेत्र शार्क माशांसाठी अभयारण्य म्हणून जाहीर केले. २०१७ पासून तेथे उतरणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या पारपत्रावर एक प्रतिज्ञा उमटवली जाते आणि तिच्याखाली त्याची सही घेतली जाते. ती प्रतिज्ञा देशाच्या मुलाबाळांना उद्देशून आहे: तुमचे घर मी बिघडवणार नाही. हे ऐकून आम्हांला मनापासून बरे वाटले.

मग आम्ही वही उघडली. विमाने बदलत करायचा प्रवास, तेथील मुक्काम, होडी, साधनांचे भाडे, परवान्याचे शुल्क. बेरीज झाली तेव्हा चौघेही गप्प झाले. एकाच्या खर्चात आमच्याकडील एखाद्या कुटुंबाचे वर्ष निघाले असते.

आम्ही मनातून सुटलो, हे येथे कबूल केले पाहिजे. कारण केवळ पैशांचे नव्हते. सेमिनरीत असताना सहलीला गेलो असता एका लाटेने आम्हांला आत ओढले होते. एका मित्राने सदऱ्याला धरून बाहेर काढले. तेव्हापासून आम्ही पाण्याला काठावरूनच ओळखतो. दुसरे कारण अधिक जड होते. त्या चौघांतील मुलीचा धाकटा भाऊ काही वर्षांपूर्वी कालव्यात बुडाला. त्याला मूठमाती आम्हीच दिली होती.

परंतु तरुणांना नुसते "नको" म्हणणे हे उत्तर नव्हे. म्हणून आम्ही दिंडीची आठवण दिली. दरवर्षी आमच्या दारावरून दिंड्या जातात. भिशी आधी गोळा होते, शिधा बरोबर असतो, सामान एका गाडीत, स्वयंपाक सर्वांचा एकत्र, आणि मुक्काम ओळखीपाळखीच्या अंगणात. कमी खर्चाचा प्रवास याहून चांगला कोणी शिकवावा? फक्त ठिकाण आपल्या ऐपतीचे निवडायचे. "पॅसिफिक राहू द्या," आम्ही म्हणालो, "मालवण पाहा."

सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या त्या समुद्रात प्रवाळ आहे, रंगीत मासे आहेत. १९८७ साली तेथे सागरी अभयारण्य जाहीर झाले. जवळच तारकर्लीला राज्याच्या पर्यटन महामंडळाची स्कूबा शिकवणारी संस्था आहे. वेळापुराहून सांगोला, मिरज, कोल्हापूर, पुढे फोंडा घाट उतरून कणकवली आणि मालवण. एस.टी.ने गेले तर खर्च आटोक्यात राहतो. पावसाळ्यात हा उद्योग बंद असतो, म्हणून दिवाळीनंतरचा काळ धरला.

आता आम्हांलाही अभ्यास करणे भाग पडले. पाठीवरच्या टाकीतली दाबाखालची हवा पाणबुड्याला हवी तेवढीच मिळावी, हे साधन १९४३ साली फ्रान्समध्ये कूस्तो आणि गान्यां या दोघांनी सिद्ध केले. समुद्रात दर १० मीटर खोलीला हवेच्या एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणून उतरताना कान दुखू लागतात. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकले की ते मोकळे होतात. सर्दी असेल तर त्या दिवशी पाण्यात उतरू नये. दमा किंवा हृदयाचा विकार असेल तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. आणि सर्वांत मोठा नियम: श्वास कधीही रोखून धरायचा नाही. वर येताना दाब कमी होतो, छातीतली हवा फुगते, आणि कोंडलेली हवा फुप्फुसे फाडू शकते.

हिशेबातील एक रात्र आम्ही जाणूनबुजून वाढवली. बुडीनंतर लगेच उंचावर जाणे धोक्याचे असते. विमानात बसण्यापूर्वी एका बुडीनंतर किमान १२ आणि अनेक बुड्यांनंतर किमान १८ तास थांबावे, असे जाणकार सांगतात. आपल्याला विमान नाही. पण घाट चढून देशावर येणे म्हणजे पाचसहाशे मीटरांची उंची गाठणे. तेव्हा बुडीच्या दिवशी मुक्काम मालवणातच. येथे काटकसर करायची नाही, असे वहीत लाल शाईने लिहिले.

पोहता न येणाऱ्यालाही प्रशिक्षक हाताला धरून थोड्या खोलीपर्यंत नेतात. तरीही आम्ही अट घातली: ज्याला पोहता येते त्यानेच यायचे. चौघांपैकी एकालाच येत होते.

दुसऱ्याच दिवशी त्या मुलीची आई आमच्याकडे आली. ती बसलीही नाही. "फादर, पाण्यानं माझा एक नेला. दुसरीला तुम्ही पाण्यात घालता?"

आम्हांला उत्तर सुचले नाही. मृत्यूविषयी आम्ही पुष्कळ प्रवचने केली आहेत. त्यांतले एकही वाक्य त्या क्षणी कामाला आले नाही. एवढेच म्हणालो, "बाई, तुम्ही नको म्हणाल तर ती येणार नाही. पण रविवारी विहिरीवर या. पाहा, आणि मग सांगा."

मिस्सानंतर आम्ही सारे एका शेतकरी कुटुंबाच्या विहिरीवर जमू लागलो. शिकवायला घरातले आजोबा. साधन म्हणजे पाठीला बांधलेला रिकामा डबा आणि काठावरून सोडलेला दोर. पहिल्या रविवारी तरुण उतरले. दुसऱ्या रविवारी आजोबा आमच्याकडे पाहून म्हणाले, "फादर, तुम्ही काय नुसता आशीर्वाद देणार?" पन्नाशी उलटलेल्या धर्मगुरूच्या पाठीला डबा बांधला गेला तेव्हा काठावर जो हशा पिकला, तो आमच्या कोणत्याही प्रवचनाला मिळाला नव्हता. थंड पाणी छातीला लागताच जुनी लाट आठवली आणि श्वास अडकला. "सोडा, फादर, श्वास सोडा!" आजोबा ओरडत होते. जो नियम आम्ही पुस्तकातून पाठ केला होता, तो त्यांनी विहिरीत शिकवला.

ती माउली प्रत्येक रविवारी येत होती. कोणाशी बोलत नसे. दोराचे टोक मात्र स्वतःच्या हाताला गुंडाळून घेई. पाचव्या रविवारी तिची मुलगी डब्याशिवाय विहिरीला एक वेढा घालून पायरीला आली. आईने दोर खाली ठेवला आणि आमच्याकडे न पाहता म्हणाली, "माझा पोरगा बुडाला तेव्हा काठावर माणसं होती, फादर. ओरडत होती. पोहता एकालाही येत नव्हतं."

पाण्यावर चालताना घाबरून बुडू लागलेला पेत्र आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. परंतु त्याच पेत्राने पुढे, किनाऱ्यावर प्रभू उभा आहे हे कळताच, नाव सोडून सरोवरात उडी घेतली, हे आम्ही सहसा सांगत नाही. भीती जाते ती पाण्यापासून दूर राहून नव्हे. पाण्यापलीकडे कोणीतरी आपले आहे हे कळले म्हणजे जाते.

आता विहिरीवर गावातील आणखी मुले येतात, सर्व समाजांची. सहल दिवाळीनंतर ठरली आहे. पालाऊच्या लोकांकडून उसनी घेऊन आमच्या तरुणांनीही एक प्रतिज्ञा लिहिली आहे: प्रवाळाला हात लावणार नाही, माशांना पाव घालणार नाही, कचरा परत आणू. सिंधुदुर्गाच्या आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. खाऱ्या समुद्राच्या मध्यभागी त्या पाहायच्या, हेही यादीत आहे.

त्या आईने मुलीची भिशी परवा आणून दिली. नोटा मोजून झाल्यावर तिने आणखी एकाची भिशी पुढे केली. "माझी," ती म्हणाली. "मी पाण्यात नाही उतरायची. काठावर बसेन."

वाचकहो, आपल्या धर्मग्रामात विहीर असेल, तलाव असेल, कालवा असेल, तर एवढी एक विनंती: समुद्राचे पुढे पाहू, आधी मुलांना पोहायला शिकवा. वय झाले म्हणून स्वतः काठावर राहू नका. मालवणच्या यादीत आमचे नाव पाचवे आहे, आणि आमच्या पाठीवरचा डबा अजून सुटलेला नाही.