साकीनाक्यावरून जिवाची मुंबई



मौजमजा केली की आपण 'जिवाची मुंबई केली' असे म्हणतो. परंतु खेड्यातला माणूस मुंबईस जातो तो बहुधा मौजेसाठी नव्हे. कुणाचे ऑपरेशन असते, कुणाचे लग्न असते, सुनेचे दिवस भरलेले असतात. चार दिवस दहा बाय दहाच्या खोलीत बसून काढायचे, एका संध्याकाळी कुणीतरी चौपाटीवर नेऊन आणायचे आणि गावी परतल्यावर पारावर बसून सांगायचे, "काय आहे त्या मुंबईत? नुसती गर्दी!"

माझे बालपण साकीनाक्याच्या चाळीत गेले आणि नोकरी मात्र पंचायत समितीत, विस्तार अधिकारी (कृषी) म्हणून. त्यामुळे ही तक्रार मी बांधाबांधावर ऐकत आलो आहे. माझे म्हणणे एवढेच, की मुंबई पाहायची ती शेतकऱ्याच्या डोळ्यांनी. पाणी कुठून येते, कुठे जाते, माणसे कशावर जगतात, हे तुमच्याइतके नेमके दुसरा कोणी पाहू शकणार नाही. आणि त्यासाठी साकीनाक्यासारखे ठाणे नाही. तुमच्यापैकी अनेकांचा मुलगा, पुतण्या किंवा भाचा याच भागात कामाला असेल. मुक्कामाची सोय तर झालीच!

पोचावे कसे

रेल्वेने येणाऱ्यांनी कल्याण किंवा ठाण्याला उतरून लोकल धरावी आणि घाटकोपरला यावे. तिथे स्टेशनाला लागूनच मेट्रो आहे. जागृती नगर, असल्फा आणि मग साकीनाका, तिसरे स्टेशन. जून २०१४ मध्ये ही वर्सोवा ते घाटकोपर मेट्रो सुरू झाली, तोपर्यंत अंधेरी-कुर्ला रस्त्याने बसमध्ये तास-दीड तास उभे राहावे लागे. आता घाटकोपरहून वर्सोव्यापर्यंतचा सगळा मार्ग वीस-बावीस मिनिटांत होतो. असल्फ्याजवळ खिडकीतून टेकडी पाहा. उतारावर एकावर एक रचल्यासारखी घरे आहेत. २०१८ च्या सुमारास स्वयंसेवकांनी आणि रहिवाशांनी त्यांच्या भिंती रंगवल्या.

सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी साडेपाच ते नऊ या वेळात पोराबाळांना आणि बोचक्यांना घेऊन लोकलमध्ये चढू नये. बायकांचा डबा वेगळा असतो. चुकामूक झाली तर भेटायचे कुठे हे आधीच ठरवावे, आणि लहानांच्या खिशात फोन नंबराची चिठ्ठी ठेवावी.

आधी मुलाचा गाळा पाहा

गेटवे आणि चौपाटी दुसऱ्या दिवशी. पहिल्या दिवशी मुलगा काम करतो ती जागा पाहा. सोयरीक जुळवताना आपण विहिरीचे पाणी पाहतो, गोठा पाहतो, दोन माणसांकडे चौकशी करतो. पण पोटचा पोर जिथे बारा-बारा तास राबतो ती जागा किती आईबापांनी पाहिली आहे?

साकीनाका म्हणजे गाळ्यांचे गाव. खैरानी रस्त्याच्या बाजूला चला. एका गाळ्यात लेथवर लोखंड कातले जाते, शेजारी पुठ्ठ्याची खोकी बनतात, पलीकडे शिलाईची यंत्रे चालतात, आणखी पुढे फरसाण तळले जाते. अंगणाएवढ्या जागेत दहा माणसे काम करतात आणि रात्री त्यातलेच काही माळ्यावर झोपतात. मराठवाडा, कोकण, उत्तर प्रदेश, बिहार. भाषा निराळ्या, पण बहुतेक पोरे शेतकऱ्यांचीच. पाऊस कसा आहे, असे विचारून पाहा, कामावरची मान लगेच वर होते.

कौतुकाने पाहा, पण डोळसपणेही पाहा. १८ डिसेंबर २०१७ च्या पहाटे खैरानी रस्त्यावरच्या फरसाणाच्या एका कारखान्याला आग लागली आणि बारा कामगार दगावले. म्हणून मुलाला दोन गोष्टी विचारा. रात्री झोपतोस कुठे? आणि बाहेर पडायला दुसरी वाट आहे का? वैरणीच्या गंजीशेजारी आपण चूल पेटवू देत नाही. तोच विचार इथे करायचा. दुसरी वाट नसेल तर खोली भाड्याने घेण्यासाठी त्याला चार पैसे गावाकडून द्यावे लागले तरी द्यावेत.

पाण्याचा माग

साकीनाक्याहून साकी-विहार रस्ता पवईला जातो. रिक्षाने पवई तलावावर जा. १८९० च्या सुमारास बांधलेला हा तलाव आहे. त्याचे पाणी आज पिण्याजोगे नाही, जलपर्णी माजते आणि पाण्यात मगरी आहेत. तेव्हा काठावरूनच पाहावा. त्याच्या उत्तरेला विहार तलाव. १८६० साली तो पुरा झाला आणि मुंबईला नळाचे पाणी मिळू लागले. पुढे तुळशी आला. शहर वाढले तसे हे पाणी पुरेना, मग पाण्यासाठी शहराने आपल्याकडे पाहिले. तानसा, वैतरणा, भातसा ही धरणे कुठे आहेत? शहापूर, मोखाडा, इगतपुरीच्या डोंगरांत. मुलाच्या खोलीतल्या नळाला पहाटे जे पाणी येते ते आपल्यासारख्याच गावांच्या शिवारातून शंभरेक किलोमीटर चालत आलेले असते. मुंबईत पाहुणे म्हणून अवघडून बसण्याचे कारण नाही, ते यासाठीच.

विहार आणि पवई भरून वाहू लागले की त्या सांडव्याच्या पाण्याची मिठी नदी होते. सुमारे १८ किलोमीटर वाहून ती माहीमच्या खाडीला मिळते. साकीनाक्याजवळ तिचा नाला झालेला दिसेल. दोन्ही काठ बांधकामांनी आवळलेले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आपल्या दुष्काळी तालुक्यांत दोन पावसाळे मिळूनही कधी कधी एवढा पडत नाही. समुद्राला भरती होती, मिठीला वाट नव्हती. पाणी घराघरांत शिरले आणि साकीनाक्यात टेकडी खचून कितीतरी कुटुंबे गाडली गेली. ओढा बुजवून वावर वाढवले की पुढे काय होते, हे गावाकडच्या माणसाला सांगायला नको. मुलाची खोली टेकडीच्या पायथ्याशी किंवा नाल्याकाठी असेल तर जून ते सप्टेंबर जोराच्या पावसात तिथे थांबायचे नाही, हे त्याच्याकडून कबूल करून घ्या.

म्हशींचे गाव आणि दगडातली टाकी

आता जरा मोकळ्या हवेत जाऊ. मरोळ नाका हे साकीनाक्याच्या पुढचेच स्टेशन. तिथे भुयारी मेट्रो धरून उत्तरेकडच्या शेवटच्या स्टेशनवर, आरेला उतरा आणि रिक्षाने आरे दुग्ध वसाहतीत चला. शहरात जागोजागी कोंबलेले म्हशींचे गोठे बाहेर काढून एका ठिकाणी नीट वसवावेत म्हणून १९४९ साली ही वसाहत स्थापन झाली. १९५१ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. दारा खुरोडी हे तिचे कर्ते. सुमारे तीन हजार एकर रान, लांबलचक गोठे, चाऱ्याची कुरणे आणि मधूनमधून वारली आदिवासींचे पाडे. पावसाळ्यात पाड्यांवर काकडी, दोडकी लावलेली दिसतात. मुंबईत आहोत हे खरे वाटत नाही.

गोठ्यात आधी विचारून शिरा. म्हैस पाहून तुमच्या तोंडून चार शब्द जातील आणि गोठेवालाही चार सांगेल. भाकड म्हशींचा सांभाळ, विकतची वैरण, दुधाचा हिशोब. त्याचे रडगाणे तुमच्याच घरचे वाटेल. इथल्या ओढ्यांत वाहून जाणारे शेण पाहून मात्र जीव हळहळतो. आपण एका ट्रॉलीसाठी काय मोजतो! ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी इथली दोन हजारांवर झाडे रात्रीतून तोडली गेली, तेव्हा शहरातले लोक रस्त्यावर उतरले होते. या रानात बिबटे आहेत, म्हणून अंधार पडण्यापूर्वी परत फिरावे.

दुसरा दिवस कान्हेरीचा. मेट्रोने अंधेरी, तिथून लोकलने बोरिवली आणि मग संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. सोमवारी उद्यान बंद असते, हे विसरू नका. काळ्या खडकात कोरलेली शंभरावर बौद्ध लेणी आहेत. जवळजवळ हजार वर्षे तिथे भिक्षूंची वस्ती होती. मोठा चैत्य आणि बुद्धमूर्ती तर पाहाव्यातच. पण तुम्ही पाहावे ते पाणी. लेण्यालेण्याबाहेर दगडात टाकी खोदली आहेत. त्यांना पोढी म्हणतात. वरच्या उतारावरचा पाऊस कोरीव चरांतून आणून या टाक्यांत साठवायचा आणि वर्षभर वापरायचा, अशी व्यवस्था दोन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांनी केली. शेततळे आणि पाणलोट शिकवताना मी बराच फळा खडूने भरवला. पण कान्हेरीच्या उतारावर तास घालवला तर तो सगळा धडा डोळ्यांनी दिसतो. भिंतीवरच्या शिलालेखांत संघाला शेते दान दिल्याच्या नोंदी आहेत. कान्हेरीला जाणे जमले नाही तर अंधेरी पूर्वेची महाकाली लेणी साकीनाक्यापासून रिक्षाच्या अंतरावर आहेत.

समुद्र, पण तिथी पाहून

मेट्रोच्या दुसऱ्या टोकाला वर्सोवा. स्टेशनवरून रिक्षाने कोळीवाड्यात जा. बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत घातलेले दिसतील. सकाळी मासळी उतरते तेव्हा कोळणीचा भाव करण्याचा ठसका ऐकण्यासारखा असतो. आपल्या मंडईत असा एक जण असता तर व्यापाऱ्याची काय बिशाद! वर्सोव्याचा किनारा एके काळी कचऱ्याने भरलेला होता. २०१५ पासून वकील अफरोज शाह यांच्या पुढाकाराने लोकांनी तो हातांनी साफ करायला घेतला, आणि २०१८ च्या मार्चमध्ये तिथल्या वाळूतून कासवाची पिल्ले समुद्राकडे निघालेली दिसली.

समुद्रावर कधी जावे? त्याचा ठोकताळा तुमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात आहे. जी तिथी असेल तिची पाऊणपट करा, की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बारा. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक धरावा. याचा अर्थ असा, की पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास संध्याकाळी पाच-सहाला पाणी हटते आणि मुलांना बागडायला लांबरुंद ओली वाळू मिळते. त्याच दिवसांत भरतीला मात्र उधाण असते. पावसाळ्यात पाण्यात पाऊलही घालू नये. विहिरीत पोहणाऱ्याला समुद्राची ओढ कळत नाही.

शेजारच्या जुहूला भेळ खावी, मुलांना गोळा द्यावा. नटनट्यांचे बंगले पाहण्यात वेळ घालवू नये, फाटकाशिवाय काही दिसत नाही.

आपल्या मशालीपाशी

शेवटचा दिवस दक्षिणेचा. मरोळ नाक्याची तीच भुयारी मेट्रो उलट दिशेने धरा. ऑक्टोबर २०२५ पासून ती थेट कफ परेडपर्यंत जाते. वाटेत सिद्धिविनायकाला उतरून दर्शन घ्या. मग हुतात्मा चौकात या. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी इथे संयुक्त महाराष्ट्रासाठी निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला. त्या लढ्यात शंभरावर माणसे गेली, तेव्हा १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र मिळाला. स्मारकावर मशाल धरलेले दोघे उभे आहेत, एक कामगार आणि दुसरा शेतकरी. घरातल्या मुलांना ते दोघे दाखवा आणि नावे विचारा.

तिथून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची इमारत पाहून महात्मा फुले मंडईत जा. १८६९ साली बांधलेली ही मंडई जुने लोक क्रॉफर्ड मार्केट म्हणून ओळखतात. दारावरच्या कमानीत शेतकऱ्यांची शिल्पे कोरली आहेत. ती लॉकवूड किपलिंग यांनी केलेली आहेत. 'शेतकऱ्याचा आसूड' लिहिणाऱ्या जोतीरावांचे नाव या मंडईला शोभते. आत फळांचे भाव विचारा आणि गावच्या भावाशी मनातल्या मनात वजाबाकी करा. घरी परतल्यावर विक्रीचा विचार करायला ती उपयोगी पडेल.

कधी जावे, काय न्यावे

दिवाळीनंतर, खरिपाची मळणी उरकली आणि रब्बीचे पहिले पाणी देऊन झाले, की मधे आठवडा सापडतो. हवा कोरडी असते, समुद्र शांत असतो. दोघांनी मिळून जावे. धन्याने गुरांसाठी मागे राहायचे आणि कारभारणीने एकटीने जायचे, किंवा त्याउलट, असे करू नये. चार दिवस गोठा भावकीवर सोपवावा.

जाताना भुईमुगाच्या शेंगा न्या, नवे तांदूळ न्या, हुरड्याचे दिवस असतील तर हुरडा न्या. आणि त्यातले वाटाभर मुलाच्या शेजारच्या खोलीत तुम्ही स्वतः नेऊन द्या, नाव-गाव सांगा, नंबर घेऊन ठेवा. पावसाची असो, आगीची असो, अडचणीच्या रात्री तुमच्या लेकराच्या दारावर पहिली थाप त्याच शेजाऱ्याची पडणार आहे.