हळू म्हणजे काय?

तुमच्या घरी सॅक्सोफोन शिकणारं मूल आहे का? न्यू जर्सीतल्या आमच्या अपार्टमेंटच्या भिंती पातळ. मी लेकीला म्हणायचे, "अगं, हळू वाजव!" ती तीच धून सावकाश वाजवायची, आवाज तेवढाच! मग "लहान आवाजात" म्हटलं, तर तिने श्वासच आखडला. सूर फाटला, डोळे भरले.

बँडच्या सरांनी समजावलं: पोटातून श्वासाचा आधार सोडायचा नाही, रीड दातओठांनी आवळायची नाही. एकच सूर आठ मात्रा धरून आवाज हळूहळू उतरवायचा. मला आजीची फुंकणी आठवली: निखारा फुलवायचा, राख उडवायची नाही.

आता रोज मी मात्रा मोजते. तुम्हीही मोजा, नुसतं "हळू" म्हणू नका, मूल वाजवणंच सोडतं.