वेळ पाळणारा संगणक

घरी गाणं रेकॉर्ड करण्यासाठी संगणक घ्यायचा म्हटलं की बोलणं प्रोसेसर, रॅम आणि किमतीपाशी सुरू होतं आणि तिथंच संपतं. ताकद लागतेच. पण घरच्या रेकॉर्डिंगचा घात बहुतेक वेळा होतो तो वेळ चुकल्यामुळे. सेकंदाला ४८,००० सॅम्पल घेतले आणि बफर, म्हणजे एका खेपेला हाताळायचा गठ्ठा, १२८ सॅम्पलचा ठेवला, तर संगणकाला दर २.७ मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदात ३७५ वेळा, हातातलं काम पुरं करून द्यावं लागतं. ३७४ वेळा ते वेळेवर झालं आणि एकदाच चुकलं, तरी ‘टक्’ असा आवाज येतो आणि नेमका लागलेला सूर हातचा जातो. व्हिडिओ एक्स्पोर्ट करताना अर्धा सेकंद इकडेतिकडे झाला तर कुणाच्या लक्षातही येत नाही. इथे मात्र सरासरी वेगाला किंमत नाही. म्हणून नवा, महाग लॅपटॉप टकटकू शकतो आणि नीट लावलेला जुना संगणक तासभर निमूट काम करू शकतो.

वेळ कोण चुकवतं, हे शोधणं हाच मांडणीचा गाभा आहे. बहुधा ते संगीताचं सॉफ्टवेअर नसतंच. वाय-फायचा ड्रायव्हर, वीज वाचवण्यासाठी प्रोसेसरला मध्येच संथ करणारी सेटिंग, यूएसबी पोर्ट झोपवणारी सोय, हे खरे संशयित. विंडोजवर लेटन्सीमॉन हा प्रोग्राम अर्धा तास चालू ठेवला तर कुठला ड्रायव्हर अडून बसतो ते दिसतं; मग एकेक गोष्ट बंद करून पुन्हा मोजायचं. ऑडिओ इंटरफेसच्या, म्हणजे माइक संगणकाला जोडणाऱ्या उपकरणाच्या, कंपनीनं दिलेला आसिओ ड्रायव्हरच वापरावा. स्टाइनबर्गनं ही पद्धत १९९७ साली आणली ती विंडोजच्या ध्वनिव्यवस्थेतले मधले थर टाळण्यासाठीच. मॅकवर कोअर ऑडिओ ही ध्वनिव्यवस्था मुळातच प्रणालीत असल्यानं ही यातायात कमी.

यावर एक रास्त प्रश्न येतो: एवढी खटपट कशाला, बफर १०२४ करून टाकावा. टकटक थांबेल, पण एका बफरलाच २१ मिलिसेकंद लागतील, आणि आत येताना व बाहेर जाताना असा तो दोनदा मोजावा लागेल. तीन मीटरवरून ध्वनी कानापर्यंत यायला सुमारे ९ मिलिसेकंद घेतो, तेव्हा थोडा उशीर वादकांच्या सवयीचा असतो. चाळीसच्या पुढे तबलजीचा हात अडखळतो. गायकाची अडचण निराळी. त्याला स्वतःचा आवाज हाडांतूनही ऐकू येतो आणि हेडफोनमधला उशिराचा आवाज त्यात मिसळून सूर पोकळ वाटू लागतो. ख्याल किंवा अभंग रेकॉर्ड करणाऱ्यानं इंटरफेसचं डायरेक्ट मॉनिटरिंग वापरावं. माइकचा आवाज संगणकात न शिरता थेट कानात येतो आणि बफर ५१२ ठेवला तरी बिघडत नाही. कीबोर्डवरून सॉफ्टवेअरमधलं वाद्य वाजवायचं असेल तर ही वाट नाही. तिथे लहान बफरच हवा आणि त्यासाठी वरची सगळी मेहनतही.

मोठ्या बफरचा आणखी एक फायदा आपल्या संगीताला विशेष आहे. ताण कमी म्हणजे उष्णता कमी, आणि उष्णता कमी म्हणजे लॅपटॉपचा पंखा शांत. तानपुऱ्याचा झणकार विरत जातो तेव्हा खोलीतली प्रत्येक घरघर वर येते. मे महिन्यात नागपुरात छताचा पंखा बंद करून गाणाऱ्यानं एवढं सोसल्यावर टेबलावरच्या पंख्यानं ते वाया घालवू नये. आतली धूळ वेळच्या वेळी काढावी, आणि गाताना प्लगइन, म्हणजे आवाजावर प्रक्रिया करणारे जोड-प्रोग्राम, बंद ठेवावेत. ते मिक्सिंगचं काम.

नीट लागलेल्या संगणकाला मग विनाकारण हात लावू नये. अपडेट टाळणं सुरक्षेला धोक्याचं, हा आक्षेप खरा आहे आणि मी तो मानतो. अपडेट करावेत, पण ते कधी हे आपण ठरवावं: एक काम पुरं झाल्यावर, दुसरं सुरू होण्याआधी आणि डिस्कची पूर्ण प्रत काढून. २०१९ मध्ये मॅकओएस कॅटलिनानं ३२ बिट प्रोग्राम चालवणं बंद केलं, तेव्हा कितीतरी जुने प्लगइन एका अपडेटसरशी निकामी झाले. घरात एकच संगणक असेल, मुलांचा अभ्यास आणि कार्यालयाचं काम त्यावरच चालत असेल, तर वेगळं यूजर अकाउंट पुरत नाही. ड्रायव्हर सगळ्यांना सामाईकच राहतात. त्यापेक्षा वेगळ्या एसएसडीवर रेकॉर्डिंगपुरती स्वतंत्र प्रणाली बसवावी आणि तिथूनच संगणक सुरू करावा.

साठवणुकीची धास्ती मात्र उगाच घेतली जाते. २४ बिट, ४८,००० सॅम्पलचे आठ ट्रॅक तासभर रेकॉर्ड केले तरी साधारण ४ जीबी होतात. तेव्हा दोन प्रती घरात वेगवेगळ्या डिस्कवर आणि तिसरी घराबाहेर ठेवायला सबब उरत नाही. नुसती प्रोजेक्टची फाइल जपून भागत नाही, कारण ती उघडायला तेच सॉफ्टवेअर आणि तेच प्लगइन लागतात. काम संपलं की प्रत्येक ट्रॅक अगदी शून्यापासून शेवटापर्यंत सलग वेव्ह फाइल म्हणून काढून ठेवावा, मधल्या शांततेसकट. मग दहा वर्षांनी, कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये, या फाइल एकाखाली एक ठेवल्या की तबल्याची सम आणि गायकाची सम आपोआप जुळतात.