ग्लासगोच्या रिंगणात लोणार

पिंपळगाव राजाला शाळेत असताना जयंत नारळीकरांचं ‘यक्षांची देणगी’ हाती पडलं आणि मला विज्ञानकथांचा नाद लागला. पण तो नाद एकट्याचाच होता. वाचायचं एकट्याने, मनात घोळवायचंही एकट्याने. गावातलं गाणं मात्र कधीच एकट्याचं नव्हतं. सप्ताहात वीणा खाली टेकत नाही. माणसं पहारे वाटून घेतात आणि दिवसभर शेतात राबलेला माणूस पहाटे दोन वाजता वीणा गळ्यात घालून उभा राहतो. विज्ञानकथा आणि असं सगळ्यांचं गाणं एकाच जागी नांदू शकतं, हे मी पाहिलं ते ग्लासगोत.

नोकरीमुळे तेव्हा मी इंग्लंडमध्ये होतो. ८ ते १२ ऑगस्ट २०२४ या दिवसांत ग्लासगोतल्या क्लाइड नदीच्या काठी ८२वं वर्ल्डकॉन, म्हणजे जागतिक विज्ञानकथा संमेलन भरलं. पहिलं संमेलन १९३९ साली न्यूयॉर्कला झालं होतं. तेव्हापासून हा सगळा डोलारा वाचकच सांभाळतात. दरवर्षी शहर बदलतं, माणसं बदलतात, पण पगारी कुणीच नसतं. काम करणारेही आधी सभासद वर्गणी भरतात आणि मग नावनोंदणीला बसतात, खुर्च्या लावतात, वाट दाखवतात. विज्ञानकथेतला मानाचा ह्यूगो पुरस्कारही सभासदांच्याच मतांवर ठरतो.

दिवसभर परिसंवाद ऐकले, पण माझं मन जडलं ते रात्रीच्या गाण्यांवर. त्यांना ते लोक ‘फिल्क’ म्हणतात. विज्ञानकथेच्या वाचकांनी स्वतःसाठी रचलेली ही गाणी. बरीचशी ओळखीच्या चालींवर, शब्द मात्र नवे. आपल्याकडे आंबेडकरी जलशांनी हेच केलं होतं: चाल लोकांच्या ओठांवरची, विचार नवा.

खोलीत मंच नव्हता. खुर्च्या गोल मांडलेल्या, कुणाच्या मांडीवर गिटार, कुणाच्या हातात नुसती वही. पाळी फिरत येते. आपण गावं, दुसऱ्याला एखादं गाणं म्हणायला सांगावं किंवा पाळी पुढे द्यावी. सकाळी मला ओळखपत्र देणाऱ्या बाई चंद्रावर उतरलेल्या माणसांचं गाणं गायल्या. एका आजोबांचा आवाज फाटलेला होता, पण ध्रुपद येताच सगळी खोली त्यांच्या मदतीला धावली. आवाज कुणाचा चांगला, हे तिथे कुणी मोजत नव्हतं. गाणं पुरं होणं महत्त्वाचं, आणि ते पुरं करणं सगळ्यांचं काम.

माझी पाळी आली तेव्हा मी लोणार सांगितलं. माझ्या जिल्ह्यात बेसॉल्टच्या काळ्या खडकात सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं विवर आहे. आकाशातून प्रचंड वेगाने आलेल्या अशनीने ते पाडलं. त्यातलं पाणी खारं, आणि जून २०२०मध्ये मीठ मानवणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे ते गुलाबी झालं होतं. आमच्याकडचे लोक सांगतात, इथे विष्णूने लवणासुराला मारलं. अशनी आणि असुर दोघांनाही एकाच पदात बसवून मी ते आमच्या भजनाच्या ठेक्यावर म्हटलं. ध्रुपदाचे चारच शब्द त्यांना शिकवले: ‘आभाळ उतरलं, लोणार झालं’. ‘ळ’ त्यांच्या जिभेला अवघड, तरी दुसऱ्या फेरीला खोली एका सुरात म्हणू लागली. टाळ नव्हते, म्हणून लोकांनी मांडीवर ठेका धरला. बुलढाणा जिल्ह्याचं नाव तिथे कुणी ऐकलेलं नव्हतं. गाणं संपल्यावर मात्र नकाशा उघडून लोणार शोधणारी माणसं माझ्याभोवती जमली.

सुटीत गावी आलो तेव्हा भजनी मंडळातल्या काकांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, “म्हन्जे तेबी आपल्यासारखे भजनीच लोक हायेत म्हना!” मला ते मनोमन पटलं.

मराठी विज्ञानकथेला लेखकांची वाण नाही. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत १९७४ साली नारळीकरांनी टोपणनावाने कथा पाठवली आणि ती पहिली आली. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांनी हा प्रकार घरोघरी नेला. पण आम्ही वाचक एकमेकांना भेटतो कुठे? वाचलेलं आवडलं तर ते बोलायला, गायला, त्यात स्वतःची भर घालायला जागा हवी. ती जागा बांधायला नको, गावोगावच्या देवळांच्या ओसरीवर ती तयार आहे. पाळी कशी द्यावी, ध्रुपद कसं उचलावं, नवख्याला कसं सांभाळून घ्यावं, हेही तिथल्या माणसांना कुणी शिकवायला नको.

म्हणून येत्या कोजागिरीला नेहमीची भजनं झाल्यावर आम्ही थोडा वेळ मागून घेतला आहे. २३ ऑगस्ट २०२३ला चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरलं, त्यावर शाळेतल्या मुली पद रचत आहेत. पखवाज काका धरणार आहेत. ज्याच्यापाशी एखादी गोष्ट असेल, अर्धवट सुचलेली चाल असेल, त्याने यावं. उरलेलं पद बसल्या जागी सगळे मिळून पुरं करू.