पलंगावरून केलेला तपास

चांगली रहस्यकथा सुचव असं कुणी म्हटलं की मी एकच नाव सांगत आले आहे : जोसेफिन टे यांची ‘द डॉटर ऑफ टाइम’. १९५१ साली आलेल्या या इंग्रजी कादंबरीत पाठलाग नाही, पिस्तूल नाही, पडका वाडाही नाही. स्कॉटलंड यार्डचा इन्स्पेक्टर ॲलन ग्रँट पाय मोडून रुग्णालयात पडलाय. त्याचा सगळा तपास चालतो तो पलंगावरून, आणि तोही साडेचारशे वर्षांहून जुन्या प्रकरणाचा.

ग्रँटला चेहरे वाचायचा नाद. त्याला कंटाळा येऊ नये म्हणून मार्टा ही नटी मैत्रीण जुन्या चित्रांचा गठ्ठा आणून देते. त्यातला एक चेहरा त्याला विचारी, सोसलेला, एखाद्या न्यायाधीशाचा वाटतो. मागे नाव असतं तिसऱ्या रिचर्डचं. १४८३मध्ये लंडनच्या टॉवरमध्ये ठेवलेल्या, बारा आणि नऊ वर्षांच्या दोन पुतण्यांना मारून गादी बळकावणारा राजा अशी त्याची ख्याती. शेक्सपिअरच्या नाटकाने तर ती कायमची करून टाकली.

आमच्या वाचनकट्ट्यावर मी हे पुस्तक पहिल्यांदा दिलं, तेव्हा ‘खुनी कोण ते सुरुवातीलाच कळलं, मग पुढे काय वाचायचं?’ असा प्रश्न आला. प्रश्न रास्त आहे. पण टे यांचं कोडं वेगळं आहे : हा माणूस खुनी आहे, हे आपल्याला सांगितलं कुणी?

दुसरी तक्रार नावांची. एडवर्ड किती, रिचर्ड किती, एलिझाबेथ किती! म्हणून आता मी पुस्तकात एका कार्डावर हाताने काढलेली वंशावळ ठेवून देते. तेवढ्याने बराच गुंता सुटतो.

कादंबरीतला मला सर्वांत आवडणारा क्षण अगदी साध्या हिशेबाचा आहे. रिचर्डच्या कृत्यांचा सगळ्यात गाजलेला वृत्तांत सर टॉमस मोर यांचा. ग्रँट तारखा जुळवतो. मोर यांचा जन्म १४७८चा. म्हणजे रिचर्ड गादीवर आला तेव्हा ते जेमतेम पाच वर्षांचे. पुढे ते वाढले जॉन मॉर्टन यांच्या घरी, आणि मॉर्टन तर रिचर्डचे कट्टर शत्रू. साक्षीदाराने काहीच पाहिलेलं नाही, सगळं ऐकीव, तेही फिर्यादी पक्षाकडून! या पानांवर मी अक्षरशः उठून बसले होते.

मराठी वाचकाला इथे चिटणिसांची बखर आठवल्यावाचून राहत नाही. मल्हार रामराव चिटणीस यांनी संभाजी महाराजांविषयी लिहिलं ते महाराजांच्या मृत्यूला शंभराहून अधिक वर्षं उलटल्यावर. शिवाय बखरकारांचे पूर्वज बाळाजी आवजी यांना महाराजांनीच देहदंड दिला होता. तरी त्या बखरीतला बदफैली राजपुत्र आपल्या रंगभूमीवर पिढ्यान् पिढ्या वावरला. वा. सी. बेंद्रे यांनी अस्सल कागद धुंडाळून लिहिलेलं चरित्र १९६०मध्ये आलं, तेव्हा कुठे ते चित्र पालटू लागलं. ग्रँटचा तरुण अमेरिकन सहायक ब्रेंट कॅराडाइन ब्रिटिश म्युझियममधून टिपणं घेऊन धावत येतो, तेव्हा मला दर वेळी बेंद्रे आठवतात.

मात्र ग्रँट निःपक्षपाती नाही, हे पुस्तक देतानाच सांगायला हवं. तो रिचर्डच्या प्रेमात पडलेला आहे. डोमिनिक मॅन्सिनी हा इटालियन १४८३मध्ये लंडनमध्ये होता. थोरल्या राजपुत्राचा घात झाला असावा, असा संशय तेव्हाच बोलला जात होता, हे त्याने नोंदवून ठेवलंय. आजही अनेक इतिहासकारांचं बोट रिचर्डकडेच आहे. तरी १९९०मध्ये ब्रिटनच्या रहस्यकथालेखकांच्या संघटनेने सर्वोत्तम शंभर कादंबऱ्या निवडल्या, त्यात पहिला क्रमांक हिचाच लागला.

२०१२मध्ये लेस्टरला एका वाहनतळाखाली रिचर्डचा सांगाडा सापडला. कण्याला बाक होता, पण नाटकातलं कुबड आणि वाळलेला हात यांचा पत्ता नव्हता. टे १९५२मध्येच वारल्या. हे त्यांना पाहायला मिळालं नाही, याची मला खरोखर हळहळ वाटते.

इतिहासाच्या एका निवृत्त शिक्षिकेने पुस्तक परत केलं ते भांडतच. राजपुत्रांची आई, विधवा राणी एलिझाबेथ, १४८४मध्ये मठाचा आश्रय सोडून मुलींसह बाहेर आली. मुलांच्या खुन्यावर आई असा विश्वास टाकेल का, हा ग्रँटचा सवाल. बाईंचं उत्तर तयार होतं : विश्वास होता, तर मुलींच्या केसालाही धक्का लागणार नाही अशी जाहीर शपथ तिने रिचर्डकडून आधी का वदवून घेतली? चहा दोनदा झाला, तरी आमचा वाद मिटला नाही. जाताना त्या वंशावळीचं कार्ड मात्र मागून घेऊन गेल्या. त्यांना मॅन्सिनी वाचायचा होता.