मागावं लागू नये म्हणून

परवा संध्याकाळी शिकवणीची मुलं नुकतीच घरी गेली होती. मी भाजी फोडणीला टाकत होते, तेवढ्यात दारातून आक्कांची हाक आली. हातात कागदाची पुडी आणि पुडीत गरम भजी. "पोरांना दे गं. माज्या पैशाची हायती," त्या म्हणाल्या. 'माज्या पैशाची' यावर त्यांनी असा काही जोर दिला, की मी गॅस बारीक करून आधी त्यांना पाट दिला.

मैत्रिणींनो, त्या दोन शब्दांमागे बरेच महिने केलेला खटाटोप आहे आणि माझी एक चूकही आहे. ती चूकच आज तुम्हाला सांगायची आहे.

आक्का आमच्या भवानीनगरातल्याच. मागच्या आळीत एकट्या राहतात. आमचं गाव साखर कारखान्याचं, जिकडे पाहावं तिकडे ऊस. पण आक्कांच्या वाट्याला आली ती दुसऱ्याच्या उसातली खुरपणी. नवी नवरी असताना १९७२ च्या दुष्काळात त्यांनी दुष्काळी कामावर खडी फोडली, ती हकिगत त्या अजून सांगतात. मालक जाऊन बारा वर्षं झाली. एकच मुलगा, तो पुण्याकडे एका कंपनीत कंत्राटावर आहे. त्याचं बिऱ्हाड वेगळं, शिधापत्रिका वेगळी. जमेल तेव्हा पाचशे रुपये धाडतो. आक्कांचे गुडघे गेले आणि खुरपणी सुटली, तेव्हापासून मात्र त्यांची फार ओढाताण होऊ लागली.

२०२४ सालचा आषाढ. तुकोबांची पालखी काटेवाडीकडून आमच्या गावावरून सणसरला मुक्काम करून पुढे गेली होती. गावात 'लाडकी बहीण'च्या अर्जांची धांदल सुरू होती. मी बी. ए. झालेली, शाळेत अर्धा वेळ शिकवते, त्यामुळे आळीतल्या निम्म्या बायकांचे अर्ज माझ्याच ओट्यावर भरले गेले. एके दिवशी आक्काही कागदांची पिशवी घेऊन आल्या. पण ती योजना २१ ते ६५ वर्षांच्या बायकांसाठी. आक्का सत्तरीच्या. "म्हंजी म्हाताऱ्या भनी लाडक्या न्हाईत व्हय?" असं म्हणून त्या हसल्या आणि पिशवीची गाठ मारू लागल्या. मला कसंसंच झालं.

रात्री मी ही गोष्ट घरात काढली, तेव्हा आमचे हे म्हणाले, "अगं, पासष्टीच्या पुढच्यांना श्रावणबाळ योजना आहे की!" खरंच होतं. राज्य सरकारची श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना. आधी महिन्याला हजार रुपये मिळत, २०२३ पासून दीड हजार झाले. वय पासष्टच्या पुढे हवं, महाराष्ट्रात निदान १५ वर्षं राहिलेलं हवं आणि कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत हवं. २१ हजार म्हणजे महिन्याला पावणेदोन हजारच की! लाडक्या बहिणीला अडीच लाखांपर्यंत चालतं आणि म्हाताऱ्या आईला २१ हजार, हा हिशेब काही माझ्या डोक्यात बसला नाही. पण आक्कांचं उत्पन्न त्याहूनही कमी होतं.

दुसऱ्या दिवशी मी उत्साहाने अर्ज लिहायला बसले. कोणीतरी सांगितलं होतं, की चार दुःखाच्या ओळी घातल्या म्हणजे काम लवकर होतं. म्हणून मी सुवाच्य अक्षरात लिहून टाकलं, 'मुलगा सांभाळत नाही, मी निराधार आहे.' आक्का म्हणाल्या, "वाच बरं काय लिवलंस ते." मी वाचलं. त्या गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "पोरी, मला ल्योक हाय. मी निराधार कशी?"

मला वाटलं, त्यांना समजलं नसावं. म्हणून मी आणखी शहाणपणा केला. म्हटलं, "आक्का, आईबापांना सांभाळण्याबद्दल २००७ चा कायदाच आहे. प्रांतसाहेबांकडे अर्ज केला, की मुलाला महिन्याला १० हजारांपर्यंत द्यायला लावू शकतात." आक्का उठूनच उभ्या राहिल्या. "ल्येकावर कागुद करू? त्याला तरी कुठं धड मिळतंय? आन् श्रावणबाळ म्हंजी तो कावडीचाच ना? सरकारनं कावड उचलली म्हंजी माज्या बाळानं टाकली, आसंच लोक म्हनतील. नगं मला त्ये पैसं." त्या पिशवी घेऊन गेल्यासुद्धा.

मला रागच आला. एवढं करावं आणि वर हे ऐकावं! सासूबाई आत तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. म्हणाल्या, "चूक तुझी आहे. तिच्या तोंडून तिच्याच लेकाची बदनामी लिहिलीस. विचारलं होतं का कोणी?" मी पुन्हा कागद पाहिले. खरंच, वय, रहिवास आणि उत्पन्न एवढंच सिद्ध करायचं होतं. लेकाला नावं ठेवण्याची अटच नव्हती. ती ओळ माझ्या पदरची होती.

संध्याकाळी सासूबाई स्वतः मागच्या आळीत गेल्या. मीही मागोमाग गेले. त्या आक्कांना म्हणाल्या, "पालखी खांद्यावर घेतात तेव्हा खांदेकरी बदलतात की नाही? दुसऱ्याने खांदा दिला म्हणजे पहिल्याने पालखी टाकली, असं कधी ऐकलंस का?" आक्का बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "त्या कागदावरची ती वळ खोड म्हनावं मास्तरीनबाईला." मी तो कागद फाडूनच टाकला आणि नवा लिहिला.

मग तलाठ्यांकडून चौकशी, उत्पन्नाचा दाखला, वयाचा पुरावा, रहिवासाचा दाखला असं एकेक जमवलं. आमचं गाव बारामतीला जवळ, पण तालुका इंदापूर, म्हणून आम्ही तिघी एसटीने इंदापूरला गेलो. सासूबाई शहात्तर वर्षांच्या. पंचाहत्तरीपुढच्यांना २०२२ पासून एसटी फुकट. आक्कांना अर्धं तिकीट आणि मला २०२३ पासून बायकांना असलेलं अर्धं. तिघींचा प्रवास मिळून एका तिकिटात! आक्का वाटभर तेच सांगून हसत होत्या.

अर्ज तालुक्याच्या समितीपुढे जाऊन मंजूर व्हायला काही महिने गेले. पैसे आधार जोडलेल्या खात्यात येतात. ते आले, तर निराळीच अडचण. एका ठिकाणी यंत्रावर आक्कांचा अंगठा उठेना. पुसून पाहिला, तेल लावून पाहिलं, दहाही बोटं झाली. खडी आणि खुरप्याने बोटांवरच्या रेषाच खाल्ल्या होत्या. "मी मीच न्हाई म्हनतंय ह्ये यंत्र," आक्का म्हणाल्या. शेवटी आम्ही बँकेच्या शाखेत पासबुक घेऊन गेलो. तिथे शाई लावून कागदावर अंगठा घेतला आणि दीड हजार रुपये आक्कांच्या हातात पडले. त्यांनी ते तीनदा मोजले.

पहिल्या महिन्यात त्यांनी दुकानाची उधारी दिली, गुडघ्याचं तेल आणलं आणि दिवाळीला आलेल्या नातवाला देता आले नव्हते म्हणून शंभर रुपये पाठवायला लावले. दीड हजारात महिना भागत नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे. मुलगा अजून जमेल तसे पैसे धाडतो. पण आता त्याचा फोन आला, की आक्का आधी पैशांचं बोलत नाहीत. त्याचं जेवणखाण विचारतात.

त्या रात्री भाकरी थापता थापता मी हे सासूबाईंना सांगत होते. त्या म्हणाल्या, "सुटली बाई. तिला आता कोणापुढे हात पसरायला नको." एवढंच बोलल्या आणि ताट घेऊन बाहेर गेल्या. पण मला आठवलं, की आदल्याच दिवशी त्यांनी ह्यांच्याकडे तंबाखूला वीस रुपये मागितले होते आणि हे "सुटे नाहीत" म्हणून निघून गेले होते. आमच्या घरी त्यांना काही कमी नाही, असं मी सगळ्यांना सांगत असे. पण प्रत्येक गोष्ट त्यांना मागावी लागत होती, हे मला कधी दिसलंच नव्हतं.

तुमच्या आळीतही एखाद्या आक्का असतील. त्यांचं आधार कार्ड, पासबुक, शिधापत्रिका आणि दाखले एका डब्यात नीट ठेवून द्या आणि झेरॉक्सचा एक संच वेगळा ठेवा. खात्याला आधार जोडलंय का, ते बँकेत विचारा. हयातीचा दाखला वर्षातून एकदा द्यावा लागतो. तो राहिला तर पैसे थांबतात, म्हणून कॅलेंडरवर खूण करून ठेवा. वृद्धांना अडचण सांगायला १४५६७ हा फोन आहे. आणि अर्ज लिहिलात, तर सही-अंगठ्याआधी त्यांना तो मोठ्याने वाचून दाखवा.

आम्ही घरातही एक केलं. आता दर एक तारखेला मी सासूबाईंच्या हातात पाकीट ठेवते. पहिल्यांदा त्या म्हणाल्या, "मला कशाला गं?" पण घेतलं. दुसऱ्या दिवशी माझ्या धाकट्याला दुकानात पिटाळून त्यांनी काहीतरी आणवलं आणि बटव्यात टाकलं. काय आणलं, ते मी विचारलं नाही.