माग थांबले, शिट्टी राहिली

इचलकरंजीत साध्या यंत्रमागांच्या खात्यात माग चालते ठेवणारा जॉबर म्हणून माझं आयुष्य गेलं. धोट्यांचा खडखडाट एवढा, की शेजारच्याशी बोलायचं तर हातानं खुणा करायच्या, नाहीतर त्याच्या कानाशी तोंड न्यायचं. काम सोडलं आणि रात्री अंथरुणावर पडलो की बारीक, सलग शिट्टी ऐकू यायला लागली. ती घरात दुसऱ्या कुणालाच ऐकू येत नव्हती.

पहिल्या डॉक्टरांनी कानात मळ नाही म्हणून सांगितलं आणि वर म्हणाले, "याला इलाज नाही, सवय करून घ्या." शिट्टीपेक्षा त्या वाक्यानं मला जास्त छळलं. आता हे मरेपर्यंत असंच, असं मनानं घेतलं. झोप उडाली, भजनात बसवेना. कुणी कानात लसणाचं तेल घालायला सांगितलं, कुणी जिन्को वनस्पतीच्या गोळ्या आणून दिल्या. कशानंच फरक पडला नाही.

पुढं कोल्हापुरात एका ऑडिओलॉजिस्ट मॅडमनी बंद खोलीत हेडफोन लावून तपासणी केली. आलेखातली रेघ बरी चालली होती, ती ४००० हर्ट्झपाशी एकदम खाली कोसळली. गोंगाटानं आतल्या कानातल्या केसपेशी मरतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. मग स्टेशन नीट लागत नसलं की आपण रेडिओचा आवाज वाढवतो तसं मेंदू करतो, आणि त्याची स्वतःचीच खरखर आपल्याला ऐकू येते. कानात असा आवाज येण्याला टिनिटस म्हणतात, आणि त्याबद्दल आज बहुतेक संशोधक असंच मानतात. हे कळलं त्या रात्री शिट्टी तेवढीच होती, पण मला धडकी भरली नाही.

मॅडमचा सगळा भर यावरच होता. आवाज वेगळा आणि आवाजाची भीती वेगळी. मेंदूनं एकदा त्याला धोका मानलं की तो त्याच्यावर पहारा ठेवतो, आणि पहारा ठेवला की आवाज आणखी टोचतो. संशोधक पावेल यास्त्रेबॉफ यांनी १९९० साली ही मांडणी केली. टिनिटस रिट्रेनिंग थेरपी त्यातूनच आली. मला दोन्ही कानांना श्रवणयंत्रं बसवली. पाखरं, भांडी, नातीचं बोलणं परत ऐकू यायला लागलं आणि शिट्टी मागं सरली. रात्री मोबाइलवर पावसाचा आवाज लावायचा, पण शिट्टी बुडेल इतका मोठा नाही. दोन्ही ऐकू आले पाहिजेत, तरच मेंदू तिला बिनमहत्त्वाची ठरवायला शिकतो. शिवाय समुपदेशक ताईंबरोबर सीबीटी, म्हणजे विचार तपासून बदलायचा उपचार. "मला वेड लागणार" हा विचार वहीत लिहायचा आणि त्याला पुरावा काय, तेही समोर लिहायचं. सीबीटीनं आवाज कमी होत नाही, त्रास कमी होतो, आणि या उपचाराला संशोधनाचा सगळ्यात भक्कम आधार आहे. शिट्टी आजही आहे. मी झोपतो, भजनाला बसतो.

मात्र एका गोष्टीची चीड जात नाही. कायद्यातल्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत गोंगाटानं येणारं बहिरेपण आहे, आणि आमच्या खात्यातली पोरं अजून कानात कापसाचे बोळे घालतात. कापसानं फारसं काही अडत नाही. मागमालकांनो, फोमचे इअरप्लग स्वस्त मिळतात, ते द्या.

आणि ज्यांच्या कानात आवाज सुरू झालाय त्यांनी "सवय करून घ्या" एवढ्यावर परत फिरू नका, श्रवणतपासणी मागा. आवाज एकाच कानात असेल किंवा नाडीबरोबर धडधडत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना लवकर दाखवा. ऐकू येणं अचानक गेलं असेल तर त्याच दिवशी जा. उशीर झाला की उपचाराचा उपयोग कमी होत जातो.